रोजंदारीवरची तुलसी

कुणी जेवणाची भांडी आवरत असाल, कुणी काजूच्या बागेतून घरी येत असाल, कुणी गटाच्या बैठकीला निघायच्या तयारीत असाल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज मी तुम्हाला रोपवाटिकेत काम करणाऱ्या एका बाईंबद्दल सांगणार आहे.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. राजे वाचले, लढाया वाचल्या, तह आणि त्यांच्या तारखा पाठ केल्या. पण रोपांच्या पिशव्या भरणाऱ्या, बी गोळा करणाऱ्या, रोज सकाळी हजेरी लावून संध्याकाळी मजुरी घेणाऱ्या बाईचा धडा मला कुठल्याच पुस्तकात भेटला नाही. म्हणून आज आपणच तो वाचू. बाईंचं नाव तुलसी गौडा.

सावंतवाडीहून गोव्याकडे निघालं, गोवा ओलांडला, काळी नदीचा पूल पार करून कारवार मागे टाकलं की पुढे अंकोला तालुका लागतो. आपल्या कोकण रेल्वेवर अंकोल्याचं स्टेशनही आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, मध्ये भातशेती, नारळ, आंबा, फणस. म्हणजे आपल्यासारखाच मुलूख. या तालुक्यातलं होन्नळ्ळी हे तुलसीबाईंचं गाव. त्या हालक्की समाजाच्या. अंकोला, कुमठा, होन्नावर, कारवार या पट्ट्यात हा समाज राहतो. ब्लाउज न घालता विशिष्ट तऱ्हेनं गुंडाळलेली साडी आणि गळ्यात मण्यांच्या माळांचे थरावर थर, हा जुन्या हालक्की बायकांचा पेहराव. तिकडे आजीला ‘अज्जी’ म्हणतात. आपण तुलसीआजी म्हणू.

तुलसीआजींचा जन्म कधी झाला? कुठे १९३८ लिहिलेलं सापडतं, कुठे १९४४. त्या गेल्या तेव्हा कुणी त्यांचं वय ८६ सांगितलं, कुणी ८०. त्यांना स्वतःलाही नक्की साल ठाऊक नव्हतं. लग्न लहानपणीच झालं, दहा-बारा वर्षांच्या असतील असा अंदाज. तोही अंदाजच. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना यात नवल वाटणार नाही. तुमची जन्मतारीख एक जून कशी झाली, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. शाळेत गेलेल्यांची मास्तरांनी लिहिली, न गेलेल्यांची आधारकार्डाच्या वेळी कुणीतरी ठोकून दिली.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. साल कुठलंही धरा, तेव्हा अंकोला मुंबई इलाख्यात होता. हा उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. म्हणजे तुलसीआजी जन्मल्या तेव्हा त्यांच्या गावचा कारभार मुंबईतूनच चालत होता. याच अंकोल्यात १९३० साली मिठाचा सत्याग्रह मोठ्या जोरात झाला होता.

तुलसी दोन वर्षांची असताना वडील गेले. आई मजुरीवर जायची. पोर थोडी मोठी झाली तशी तीही आईचं बोट धरून कामावर जाऊ लागली. शाळा नाही, पाटी नाही. काम कुठलं, तर वनखात्याच्या रोपवाटिकेत.

इथे जरा थांबून वनखातं तिथे काय करत होतं ते पाहू, म्हणजे पुढचं नीट कळेल. इंग्रजांना जहाजांसाठी आणि रेल्वेच्या रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरांसाठी साग हवा होता. कारवारकडचं सागाचं जंगल त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी जंगलाला हद्दी घातल्या, राखीव जंगलं ठरवली. या जिल्ह्यात डोंगरउतारावर ‘कुमरी’ नावाची फिरती शेती चालायची. थोडी राब भाजून करायच्या वरकस शेतीसारखी. सरकारनं ती आवळत आवळत जवळजवळ बंद केली. रानातून पाला, लाकूड, मध, औषधी मुळ्या आणणाऱ्या माणसांना रानात शिरायला परवानगी लागू लागली.

पुढे त्याच खात्याला तोडलेल्या जागी नवी झाडं लावायची होती. त्यासाठी बी हवं, रोपं हवीत, पिशव्या भरायला, पाणी घालायला, तण काढायला हात हवेत. ते हात कुणाचे? ज्यांची पिढ्यान्‌पिढ्या त्या रानाशी सोयरीक होती, त्याच गावांतल्या बायकांचे. कालपर्यंत रानाच्या जाणत्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका आता रोजंदारीवरच्या मजूर झाल्या.

तुलसीआजींनी सुमारे ३५ वर्षं अशी रोजंदारी केली. त्या दिवसाची हजेरी लागली तर त्या दिवसाचे पैसे. आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर पैसे नाहीत. ३५ वर्षं म्हणजे किती, हे सांगू का? एखादा शिपाई नोकरीला लागतो, त्याची मुलं शिकतात, त्यांची लग्नं होतात आणि तो निवृत्तिवेतन घेऊन घरी बसतो, तेवढा काळ.

आपल्याकडेही १९७२ च्या दुष्काळात बायका खडी फोडायला आणि पाझर तलावाची माती वाहायला गेल्या. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली महाराष्ट्रानं तिचा कायदा केला. तेव्हापासून एक शब्द आपल्या ओळखीचा झाला आहे : ‘अकुशल’. अकुशल मजुरी. रोपवाटिकेत पिशवी भरणारी, बी पेरणारी, पाणी घालणारी बाई कागदावर अकुशल. आता तुलसीआजी ३५ वर्षं नेमकं काय करत होत्या ते ऐका आणि हा शब्द त्यांना बसतो का ते तुम्हीच ठरवा.

रोपवाटिकेचं काम पिशवीपासून सुरू होत नाही. ते रानात, एका झाडाखाली सुरू होतं. त्या झाडाला मातृवृक्ष म्हणतात. बी कुठल्याही झाडाचं घेऊन चालत नाही. किडकं, वाकडं, खुरटं झाड असेल तर त्याची पोरंही तशीच निघायचा धोका असतो. उंच, निरोगी, सरळ वाढलेलं आणि भरपूर फळणारं झाड हेरावं लागतं. माळावरच्या एकट्या झाडापेक्षा आपल्या जातीच्या झाडांच्या मेळ्यातलं झाड बरं, कारण तिथे परागीकरण चांगलं झालेलं असतं. एकाच झाडावर विसंबायचं नाही, अनेक झाडांचं बी एकत्र करायचं, म्हणजे एक रोग आला तर सगळी रोपं एकदम बसत नाहीत.

मग वेळ. पहिल्यांदा गळून पडतं ते बहुधा किडलेलं किंवा अर्धकच्चं असतं. अगदी शेवटी राहतं तेही कसदार नसतं. मधले थोडे दिवस महत्त्वाचे. ते दिवस प्रत्येक झाडाचे वेगळे, आणि पाऊस लवकर आला, उशिरा आला, की तेही सरकतात. कॅलेंडर बघून ते कळत नाही. झाडाखाली जाऊन बसावं लागतं. पक्षी कधी येऊ लागले, फळाचा रंग कुठवर आला, बी दाताखाली कसं लागतं, हे पाहावं लागतं.

तुलसीआजींची ख्याती होती ती यासाठी. एवढ्या मोठ्या रानात कुठल्या जातीचा मातृवृक्ष कुठे उभा आहे, आणि त्याचं बी कधी धरायचं, हे त्यांना माहीत असे. कसं कळतं, असं विचारलं तर ते त्यांना शब्दांत सांगता येत नसे. आपल्याला तरी भाकरीचं पीठ किती मळायचं ते शब्दांत कुठे सांगता येतं? हाताला कळतं. त्यांना रानाची भाषा कळते, असं लोक म्हणत. पुढे त्यांना ‘जंगलाचा ज्ञानकोश’ हे नाव पडलं. शेकडो झाडं आणि औषधी वनस्पती त्या ओळखत. ज्या वनाधिकाऱ्यांनी हे ओळखलं, त्यांनी त्यांच्या शब्दावर विसंबून कामं केली.

बी आणल्यावर पुढची विद्या. सगळं बी एका स्वभावाचं नसतं. सागाच्या बीला कठीण कवच असतं. ते रात्री पाण्यात भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं आठवडा-दोन आठवडे केलं की कवच सैल होतं. चिंचेचं, खैराचं बी भिजवून घालायचं. असलं बी कोरडं ठेवलं तर काही महिने राहतं. पण फणसाची आठळी, जांभूळ, रतांबा यांचं बी थांबत नाही. ते ओलं असतानाच जिवंत असतं. सुकलं की मेलं.

हे मी आज एवढ्या ठामपणे सांगते आहे, पण कसं शिकले तेही सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटानं रोपवाटिका घ्यायचं ठरवलं. दोन हजार पिशव्या. माती, वाळू, शेणखत चाळून मिसळलं, पिशव्यांना भोकं पाडली, हिरवी जाळी बांधली. आमच्यातल्या चौघी प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या. मी समन्वयक, म्हणून वही माझ्याकडे. मे महिन्यात आम्ही जांभळाचं आणि रतांब्याचं बी गोळा केलं. छान धुतलं, कडक उन्हात खडखडीत वाळवलं आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलं, जसे आपण कुळीथ ठेवतो तसे. शेतीची कामं उरकल्यावर दसऱ्याच्या सुमारास ते पिशव्यांत घातलं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. ओळीच्या ओळी रिकाम्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं वर आली.

आमच्या एका सदस्येच्या सासूबाई रोज काठी टेकत तिथे येऊन बसायच्या. त्या दिवशी त्यांनी विचारलं, बी कुठे ठेवलं होतं? आम्ही डबा दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “जांभळाचा बी डब्यात ऱ्हवत नाय गो बाय. खाल्लास की मातयेत घाल.”

मग कळलं की या आजींनी तरुणपणी वीसेक वर्षं एका रोपवाटिकेत रोजंदारी केली होती. आमच्याच वाडीत, आमच्या डोळ्यांसमोर राहत होत्या आणि आम्हाला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणजे आम्ही विचारलं नव्हतं. अंगठा उठवणारी म्हातारी, तिला काय विचारायचं, असं आमच्या मनात होतं. माझ्या तर नक्कीच होतं. आज ते कबूल करते.

पुढच्या मे महिन्यात आजींनी आम्हाला हाताला धरून शिकवलं. फणसाची आठळी कशी पुरायची, उगवलेलं रोप किती दिवसांनी उन्हाला दाखवायचं, लावणीआधी पाणी कसं हळूहळू कमी करायचं म्हणजे रोप काटक होतं. त्या हंगामात पिशव्या भरून आल्या. पैसेही वेळेवर मिळाले.

मी आजींना एकदा विचारलं, वीस वर्षं काम केलंत तर कुठे नोंद असेलच ना? त्यांच्या लेकानं मागे एका कार्यालयात चौकशी केली होती. तिथे पुरावा मागितला. हजेरीपटावर आजींचं नावच नव्हतं. त्या काळी त्यांच्या वाटणीचे दिवस नवऱ्याच्या नावावर लागत. पैसे घरातच येत होते, म्हणून कुणाला त्यात चूक वाटली नाही. वीस वर्षं राबलेली बाई कागदावर एक दिवसही कामाला गेली नव्हती.

गेल्या थंडीत आजी गेल्या. आमच्या वहीत त्यांनी सांगितलेल्या गोष्टी लिहिल्या आहेत, मोजून सव्वा पान. बिब्ब्याचं आणि वावडिंगाचं बी कसं धरायचं ते त्या नंतर सांगणार होत्या. तेवढं राहून गेलं. एवढं सांगितल्यावर तुलसीआजींची गोष्ट मी तुम्हाला का सांगते आहे, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता पुन्हा अंकोल्याला जाऊ. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये याच जिल्ह्यात, शिरसी तालुक्यात, झाडं तोडायला आलेल्या लोकांसमोर गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारल्या. त्याला ‘अप्पिको’ म्हणतात, कन्नडमध्ये त्याचा अर्थ कवटाळणं. उत्तराखंडातल्या चिपको आंदोलनाची ही दक्षिणेतली बहीण. तोडणाऱ्यांना अडवणं हे जितकं मोठं काम, तितकंच मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा झाड उभं करणं मोठं. पहिलं काम एका दिवसात गाजतं. दुसऱ्याला तीस-चाळीस पावसाळे लागतात आणि ते बघायला कुणी येत नाही. तुलसीआजींचं काम हे दुसऱ्या प्रकारचं.

१९८६ साली त्यांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला. १९९९ साली कर्नाटक सरकारचा राज्योत्सव पुरस्कार मिळाला. आणि सुमारे ३५ वर्षांच्या रोजंदारीनंतर, त्यांची जाण लक्षात घेऊन, खात्यानं त्यांना कायम केलं. मग आणखी १५ वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या. म्हणजे जे काम त्या आधी करत होत्या तेच पुढे करत राहिल्या. बदललं ते एवढंच की महिन्याचा पगार येऊ लागला आणि म्हातारपणाची सोय झाली. हे ‘एवढंच’ किती मोठं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

निवृत्तीनंतर त्या घरी बसल्या नाहीत. गावातल्या पोरांना, भेटायला येणाऱ्यांना झाडं ओळखायला शिकवत राहिल्या, रोपं लावत राहिल्या. आता कुणी हजेरी मांडत नव्हतं आणि मजुरीही नव्हती.

२०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. करोनामुळे सोहळा लांबला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीला राष्ट्रपती भवनात झाला. तो फोटो तुमच्यातल्या कित्येकींनी मोबाईलवर पाहिला असेल. लाल गालिचा, अंगावर हालक्की पद्धतीची साडी, गळ्यात मण्यांच्या माळा आणि पाय अनवाणी. लोकांनी त्या अनवाणी पायांचं फार कौतुक केलं. मला त्या फोटोकडे बघताना वाटलं, रानातल्या बाईच्या पायात चपला नाहीत याचं आपल्याला नवल वाटलं, पण ३५ वर्षं ती रोजंदारीवर होती याचं नवल फारसं कुणाला वाटलं नाही.

त्या वेळी सगळीकडे आकडा सांगितला गेला, तीस हजारांहून अधिक रोपं. कुणी लाखाच्या वर म्हणालं. मी रोपवाटिका चालवते, म्हणून सांगते. ज्या बाईनं पन्नासेक वर्षं पिशव्या भरल्या, तिची रोपं कुणी मोजली असतील? आपण आपली दोन हजार मोजतो, कारण त्यावर बिल निघतं. रोजंदारीवाल्या बाईचे दिवस मोजतात, रोपं कुणी तिच्या नावावर मांडत नाही.

त्याच २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत आपल्या महाराष्ट्राच्या राहीबाई पोपेरे होत्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. तिकडे अंकोला, इकडे अकोले. तुलसीआजींनी रानाचं बी धरलं, राहीबाईंनी शेताचं. वाल, घेवडे, भात, भाज्या यांचे गावठी वाण त्यांनी गोळा केले, जपले, बायकांच्या गटांना वाटले. शाळेत त्याही गेल्या नाहीत. पण एक फरक लक्षात घ्या. राहीबाईंच्या बियाणे बँकेत मडक्या-डब्यांवर वाणांची नावं लिहिलेली असतात, लिहिणारी माणसं आणि संस्था त्यांच्या सोबत आहेत. ते बी आणि ती माहिती उद्या दुसरीच्या हाती जाऊ शकते.

अंकोला तालुक्यातच सुक्री बोम्मगौडा राहायच्या, त्याही हालक्की समाजाच्या. जुनी गाणी त्यांच्या तोंडात होती आणि दारूविरुद्ध बायकांना उभं करण्यातही त्या पुढे होत्या. २०१७ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. १६ डिसेंबर २०२४ रोजी तुलसीआजी होन्नळ्ळीला आपल्या घरी वारल्या आणि जेमतेम दोन महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुक्रीआजीही गेल्या. एका तालुक्यानं एका हिवाळ्यात दोन आज्या गमावल्या. सुक्रीआजींची गाणी काही प्रमाणात टिपून ठेवलेली आहेत. तुलसीआजींना कुठल्या वळणावरचा कुठला वृक्ष आई म्हणून माहीत होता, ते सगळं मात्र कागदावर येणं शक्यच नव्हतं. ज्यांनी त्यांच्यासोबत रानात पावलं टाकली, त्यांच्यापाशी त्यातलं काही उरलं असेल.

मैत्रिणींनो, तुलसीआजींना निदान शेवटी मान मिळाला, पगार मिळाला, नाव मिळालं. प्रत्येक गावात अशी एक तरी बाई असते जिला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा आणि कर्जाचा विषय संपला की दोन कामं करा, अशी माझी विनंती आहे.

पहिलं काम. इतिवृत्ताच्या वहीची शेवटची चार-पाच पानं मोकळी सोडा. वाडीत कुणाला काय येतं ते तिथे लिहा. कोण बी धरते, कोण सुईणपण करायची, कोणाला गुरांची औषधं माहीत आहेत, कोण जुनं भात ओळखते. नाव पूर्ण लिहा. अमक्याची आई, तमक्याची बायको असं नको. मग एकेका बैठकीला एकीला बोलवा, तिला खुर्ची द्या, चहा द्या आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. लिहिणारी नसेल तर मोबाईलवर बोलणं टिपून ठेवा. आमच्यासारखं सव्वा पानावर थांबू नका.

दुसरं काम. तुम्ही कुठेही मजुरीला जात असाल, तर हजेरीपट दर आठवड्याला वाचा किंवा वाचून घ्या. तुमचा दिवस तुमच्याच नावावर लागला आहे ना, ते पाहा. जॉबकार्डात तुमचं नाव आहे ना, मजुरी तुमच्या खात्यात येते ना, हे पाहा. पैसे घरातच येतात, म्हणून सोडून देऊ नका. आमच्या आजींनी वीस वर्षं तेच केलं.

जांभळं पिकायला लागली की मुलांना सांगा, बिया फेकू नका. धुवा आणि त्याच दिवशी मातीत घाला. आमच्या रोपवाटिकेत आता जांभळाच्या पहिल्या ओळीवर आम्ही एक पाटी लावली आहे. तिच्यावर आजींचं नाव आहे, पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. ते शोधायला आम्हाला चार दिवस लागले. घरात कुणालाच पटकन आठवत नव्हतं.